४१२ ब

बुधवारच्या बाजारात, गाडगे महाराज पुलाच्या अलीकडे,
कुकरची झाकणं, सायकलींच्या चेनी
आणि तीन पायांचं टेबल यांच्यामध्ये
तो पालथा पडला होता.
मुनाफ म्हणाला, आत चुंबक आहे, किलोवर देतो.
किलोवरच घेतला. साडेअकरा भरला.
मागे पत्र्याची पट्टी: त्रिनाद, सातपूर.
खाली ठोकलेला आकडा, ४१२ अ.

कडेचा फोम बोट लावताच भुगा झाला,
दोन दिवस नखांतून निघेना.
पण कागदी शंकू शाबूत,
आणि शंकूच्या पाठीवर,
जिथं ऐकणाऱ्याची नजर कधी जात नाही,
शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात:
गां. ११४.

अ आहे म्हणजे ब असणार.
डावा आहे म्हणजे उजवा.
अकरा वर्षं शोधला.
देवळाली कॅम्पातल्या बंगल्यांच्या लिलावांत,
ओझरच्या क्वार्टर्समधल्या माळ्यांवर,
पिंपळगावात एकानं द्राक्षांचे क्रेट ठेवायला
चौरंग म्हणून वापरलेले दोन निघाले,
२०६ अ आणि ३३९ ब, एकमेकांचे कुणी नव्हेत.
घरात सतरा झाले.
बायको पाहुण्यांना सांगते, बसा ना, त्याच्यावरच बसा.

कारखान्याचं रजिस्टर रद्दीत गेलं.
मालक गद्रे वारले, मुलगा कॅनडात,
फोनवर म्हणाला, बाबांचं ते वेड होतं, मला काही आठवत नाही.
मग मीच दोनशे पानी वही घातली.
गॅरंटी कार्डं, दुकानदारांची बिलं,
एका सुताराच्या पुतण्यानं सांगितलेलं:
साग हरसूलचा.
जाळीचं कापड येवल्याच्या मागावरचं,
मंदीच्या साली एका पैठणीवाल्यानं
नाक मुरडत घेतलेलं काम.
(म्हणून त्या कापडाच्या काठाला
एक जरीची तार चुकून राहिलेली दिसते. सतरापैकी तिघांत.)

गां. म्हणजे गांगुर्डे, हे प्रॉव्हिडंट फंडाच्या एका चिठ्ठीवरून कळलं.
चंद्रभागा गांगुर्डे, कॉइल विभाग.
श्रमिकनगर, तिसरी गल्ली, पिठाच्या गिरणीच्या वर.
रिक्षातून ४१२ अ मांडीवर घेऊन गेलो.
बाईंना आता ऐकू येत नाही.
खालच्या गिरणीमुळं की वयामुळं,
सून म्हणाली, कोण जाणे.

मी वाजवला. त्यांनी शंकूवर तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
बराच वेळ.
'माझाच.
एकशे चौदा वेढे.
साहेबांच्या कागदावर एकशे दहा होते.
दहावर आवाज पोचट यायचा, मी चार जास्त घालायची.
कुणाला सांगितलं नाही.'

मी पाटीवर लिहून विचारलं: ब कुठं आहे?
त्यांनी वाचलं. हसल्या.
'ब झालाच नाही.
जेवणाच्या सुट्टीतून आलो तर गेटला कुलूप.
डबा हातात, कॉइल आत मशीनवर.
सदुसष्ट वेढे झाले होते.'
आणि उजव्या हाताची दोन बोटं
पदराच्या टोकाला काहीतरी गुंडाळत राहिली,
ओठ मोजत होते,
अडुसष्ट, एकोणसत्तर,
सुनेनं चहा पुढे केला तेव्हा थांबल्या.

वहीत नोंद:
४१२ ब. तयार झाला नाही. ६७ वेढे.
अधिकृत वेढे ११०, प्रत्यक्ष ११४.
माहिती देणार: चं. गांगुर्डे.
त्यांनी खाली सही केली, शिसपेन्सिलीनंच.

रात्री एकटा ४१२ अ लावून बसतो.
अॅम्प्लिफायरच्या उजव्या बाजूचे दोन स्क्रू मोकळे.
रेकॉर्डवर सतार डावीकडे आहे, ती समोर येते.
तबला उजवीकडचा,
शेजारच्या घरात कुणी वाजवत असावं तसा,
भिंतीपलीकडून.
बायको स्वयंपाकघरातून विचारते, अर्धंच काय लावलंय?
एवढंच झालं होतं, मी म्हणतो,
आणि आवाज थोडा वाढवतो.